लॉग कुठे जावा, हे कोडने ठरवू नये

प्रोग्राममध्ये काय चाललंय ते पाहायला ‘प्रिंट’ टाकणं ही सगळ्यांचीच पहिली सवय. स्वतःच्या लॅपटॉपवर तिचा काही त्रास नसतो. त्रास सुरू होतो प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर गेल्यावर. तिथे पडद्यासमोर कुणी बसलेलं नसतं आणि छापलेल्या ओळी कुठे जातात ते धड कुणाला माहीत नसतं. जास्त माहिती हवी झाली, तर कोड बदला, पुन्हा डिप्लॉय करा आणि तोच बिघाड पुन्हा होईल याची वाट पाहत बसा, असा उलटा कारभार सुरू होतो. काय घडलं आणि ते कुठे लिहायचं, हे दोन वेगळे निर्णय ‘प्रिंट’ एकाच ओळीत बांधून टाकते, हे त्याचं मूळ कारण.

यातला पहिला निर्णय प्रोग्रामरचा. दुसरा निर्णय तो प्रोग्राम चालवणाऱ्याचा, आणि तो जागेनुसार, दिवसानुसार बदलू शकतो. हे दोघे एकमेकांच्या आड येणार नाहीत अशी मांडणी म्हणजे लवचिक लॉगिंग. या लेखात उदाहरण घेतलंय पायथनच्या ‘लॉगिंग’ मॉड्यूलचं. ते भाषेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि जँगोसारखी फ्रेमवर्कंही लॉगिंगसाठी तेच वापरतात. जावावाल्या वाचकांनी पान उलटू नये. हे मॉड्यूल २००३ साली पायथन २.३मध्ये आलं ते जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीच्या कल्पना घेऊनच. विनय साजिप आणि ट्रेंट मिक यांचा पीईपी २८२ हा त्याचा मूळ प्रस्ताव. त्यातली फंक्शनची नावं पायथनच्या अंडरस्कोरच्या शिस्तीत न बसता जावासारखी मधेच कॅपिटल होतात, त्याचंही कारण हेच. लोक अजून त्यावर कुरकुरतात. करू द्या, आता ती बदलणार नाहीत.

सांगाडा चार भागांचा आहे. लॉगर नोंद स्वीकारतो, हँडलर ती फाइलकडे, पडद्याकडे किंवा नेटवर्ककडे पोचवतो, फॉरमॅटर तिचं रूप ठरवतो आणि फिल्टर तिला अडवतो किंवा तिच्यात भर घालतो. कोडला फक्त लॉगर माहीत असावा. उरलेल्या तिघांचा उल्लेख तुमच्या व्यवहाराच्या कोडमध्ये आला, की समजा गाडी रुळावरून घसरली.

समजा आपण एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहितोय. मुख्य पॅकेजचं नाव ‘पतसंस्था’, त्यात ‘कर्ज’, ‘ठेव’, ‘एसएमएस’ असे भाग, आणि ‘कर्ज’मध्ये ‘हप्ते’. प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला ‘गेटलॉगर’ला त्या मॉड्यूलचंच नाव द्यायचं, म्हणजे दोन्हीकडे दोन अंडरस्कोर असलेलं ‘नेम’. एवढी एक ओळ सगळीकडे पाळली की ‘पतसंस्था.कर्ज.हप्ते’ अशी नावांची वंशावळ आपोआप तयार होते. हप्त्यांच्या हिशेबात गडबड आहे असं वाटलं, तर तेवढ्याच शाखेचा तपशील वाढवता येतो आणि बाकी सगळं शांत ठेवता येतं. उलट सगळीकडे एकच लॉगर वापरला, तर नंतर कॉन्फिगरेशन कितीही सुंदर लिहा, पकडायला हँडलच उरत नाही. वंशावळीच्या सगळ्यात वर बसलेल्या मूळ (रूट) लॉगरवर थेट ‘लॉगिंग.इन्फो’ म्हणणारा कोडही याच जातीचा.

लेव्हल पाच: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आकडा मोठा तितकी बाब गंभीर. युनिक्सच्या सिसलॉगमध्ये हे नेमकं उलटं असतं, तिथे शून्य म्हणजे सगळ्यात वाईट बातमी. दोन्ही प्रणाली जोडताना हे ध्यानात ठेवा. आकडे पाठ होतात, अडतं ते नोंद कोणत्या लेव्हलची हे ठरवताना. माझी कसोटी सोपी आहे: ती ओळ वाचून कुणालातरी उठून काहीतरी करावं लागणार असेल, तरच ती एरर. सभासदाने पासवर्ड चुकीचा टाकला, ही एरर नाही, इन्फो आहे. माणसं पासवर्ड विसरतातच. एसएमएस पहिल्या प्रयत्नात गेला नाही पण दुसऱ्यांदा गेला, ही वॉर्निंग. हप्त्याचे पैसे जमा झाले आणि खातेवहीत नोंदच झाली नाही, ही एरर. डेटाबेसच सापडत नाही म्हणून प्रोग्राम उभाच राहत नाही, हे क्रिटिकल. ज्या प्रणालीत रोज शेकडो एरर येतात आणि कुणी ढुंकून पाहत नाही, तिथे खरी एरर आली तरी तिच्याकडेही कुणी पाहणार नाही.

आता बहुतेकजण जिथे अडखळतात ती जागा. नोंदीच्या वाटेवर दोन नाके आहेत. पहिला लॉगरच्या लेव्हलचा, दुसरा हँडलरच्या लेव्हलचा. हँडलरला डीबग दिलं तरी फाइलमध्ये डीबगच्या ओळी येत नाहीत, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा लॉगरच्या नाक्यावरच त्या अडलेल्या असतात. लॉगरला स्वतःची लेव्हल दिली नसेल तर तो वरच्या वडिलांची घेतो, त्यांनाही नसेल तर आजोबांची, शेवटी मूळ लॉगरची. आणि मूळ लॉगर सांगितल्याशिवाय वॉर्निंगच्या खालचं काही पुढे सोडत नाही.

नोंद पहिल्या नाक्यातून सुटली, की ती वंशावळीत वर चढत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक पूर्वजाच्या हँडलरकडे पोचते. गंमत अशी, की या चढणीत पूर्वज लॉगरची लेव्हल तपासलीच जात नाही, त्याच्यावर लावलेले फिल्टरही चालत नाहीत. फक्त हँडलरची लेव्हल आणि हँडलरचे फिल्टर चालतात. यातून दोन व्यवहारी नियम निघतात. एक, हँडलर शक्यतो मूळ लॉगरलाच जोडा. ‘कर्ज’लाही जोडला आणि मूळ लॉगरलाही जोडला, तर ‘कर्ज’ची प्रत्येक ओळ दोनदा छापली जाईल. एखाद्या शाखेला खरोखरच वेगळी फाइल हवी असेल आणि मुख्य फाइलमध्ये तिच्या ओळी नको असतील, तर तिथे ‘प्रोपगेट’ बंद करा. दुसरा नियम, पासवर्ड किंवा आधार क्रमांक झाकणारा फिल्टर लॉगरवर नव्हे, हँडलरवर लावा. मूळ लॉगरवर लावलेला असा फिल्टर खालून आलेल्या नोंदींना शिवतसुद्धा नाही, आणि लावणारा मात्र निर्धास्त असतो.

कॉन्फिगरेशन किती जागी असावं? एकाच. प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथे, बाकी काही लोड होण्याआधी. लहान स्क्रिप्टला ‘बेसिककॉन्फिग’ पुरतं. त्याची एक खोड माहीत हवी: मूळ लॉगरला आधीच कुणी हँडलर जोडलेला असेल, तर ते काहीही न करता, काहीही न बोलता परत जातं. त्यामुळे दुसऱ्यांदा बोलावून लेव्हल बदलायला जाणारे चक्रावतात. पायथन ३.८पासून ‘फोर्स’ हा पर्याय आलाय, तो दिला की जुने हँडलर काढून नवीन बसतात. तुम्ही इतरांसाठी लायब्ररी लिहीत असाल, तर तिच्यात कॉन्फिगरेशन अजिबात करू नका. ‘नलहँडलर’ जोडा आणि थांबा. पाहुण्याने यजमानाच्या घरातलं फर्निचर हलवू नये.

खऱ्या अॅप्लिकेशनसाठी मात्र ‘डिक्टकॉन्फिग’ वापरा. पीईपी ३९१ मधून ते पायथन २.७ आणि ३.२मध्ये आलं. आधीचं ‘फाइलकॉन्फिग’ आयएनआय फाइल वाचतं, पण त्यात फिल्टर सांगता येत नाहीत. नव्या कामाला ते घेऊ नका. डिक्टकॉन्फिगला एक डिक्शनरी द्यायची असते. ती तुम्ही पायथनमध्येच लिहा, जेसनमधून वाचा किंवा यामलमधून, त्याला फरक पडत नाही. आत ‘व्हर्जन’ १ लिहावंच लागतं. मग फॉरमॅटर, फिल्टर, हँडलर यांना नावं द्यायची, आणि लॉगरना ती नावं सांगायची. चूक असेल तर प्रोग्राम सुरू होतानाच ते बोंब मारतं, हा मोठा गुण. मध्यरात्री कळण्यापेक्षा सकाळी डिप्लॉय करताना कळलेलं बरं.

यातला एक सापळा इतक्या जणांना चावलाय, की तो वेगळा सांगायला हवा. ‘डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स’ नावाचा पर्याय तुम्ही लिहिला नाही, तर तो खरा धरला जातो. म्हणजे कॉन्फिगरेशन वाचण्यापूर्वी जे लॉगर तयार झाले आणि ज्यांचं किंवा ज्यांच्या पूर्वजाचं नाव त्या डिक्शनरीत नाही, ते सगळे मुके होतात. मूळ लॉगरचा उल्लेख इथे पूर्वज म्हणून धरला जात नाही. मॉड्यूलं सहसा आधीच इम्पोर्ट झालेली असतात, त्यामुळे निम्मा प्रोग्राम गप्प पडतो आणि एकही चूक दिसत नाही. हा पर्याय ‘फॉल्स’ लिहायची सवयच लावून घ्या.

लेव्हल मात्र डिक्शनरीत ठोकून ठेवू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. विकासाच्या मशीनवर डीबग, प्रॉडक्शनवर इन्फो, आणि गरज पडली तर एका शाखेपुरतं डीबग. प्रोग्राम न थांबवता लेव्हल बदलायची असेल तर डिक्टकॉन्फिगचा ‘इन्क्रिमेंटल’ पर्याय आहे. तो लेव्हल आणि प्रोपगेट एवढंच बदलू देतो, आणि चालत्या गाडीत तेवढंच बदललेलं चांगलं.

नोंद लिहिण्याची पद्धतही कॉन्फिगरेशनच्या कामी येते. ‘लॉगर.डीबग’मध्ये एफ-स्ट्रिंग वापरली, तर डीबग बंद असतानाही ती स्ट्रिंग दरवेळी तयार होते आणि फेकली जाते. टक्का-एस ठेवून किंमती वेगळ्या दिल्या, तर नोंद खरोखर लिहायची वेळ आली तरच त्या जोडल्या जातात. शिवाय मूळ वाक्य एकसारखं राहतं, त्यामुळे ‘हप्ता नोंदवता आला नाही’ या एकाच प्रकारच्या ओळी नंतर एकत्र मोजता येतात. आणि ‘एक्सेप्ट’च्या आत ‘लॉगर.एरर’ लिहून अपवादाचा फक्त मजकूर छापू नका. तिथे ‘लॉगर.एक्सेप्शन’ लिहा, पूर्ण ट्रेसबॅक सोबत येतो, आणि कारण बहुतेकदा तिथेच दडलेलं असतं.

आता वेळ. पायथनचा नेहमीचा फॉरमॅटर स्थानिक वेळ छापतो, पण टाइम झोन छापत नाही. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात. शाखेतून ‘सकाळी दहाला व्यवहार अडकला’ असा फोन आला, तर लॉगमध्ये ती घटना ०४:३० ला सापडेल, आणि दहाच्या आसपास शोधणाऱ्याला काहीच दिसणार नाही. म्हणून तारखेच्या नमुन्यात झोन घाला. तो नमुना स्वतः दिला की मिलिसेकंद गळतात, ते फॉरमॅटमध्ये वेगळे घाला. सगळे सर्व्हर एकाच घड्याळाला जोडलेले असावेत हे तर ओघानेच आलं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. विंडोज सर्व्हरवर फाइल हँडलरला ‘एन्कोडिंग’ दिलं नाही, तर तो सिस्टिमचं एन्कोडिंग घेतो, आणि त्यात बहुधा देवनागरी बसत नाही. शाखेचं नाव किंवा वापरकर्त्याने दिलेलं फाइलचं नाव मराठीत आलं, की ती ओळ लिहिताना एन्कोडिंगचा अपवाद येतो. लॉगिंग मॉड्यूल तो अपवाद गिळतं, कारण लॉग लिहिता आला नाही म्हणून व्यवहार थांबू नये असा त्याचा विचार, आणि तो योग्यच आहे. तक्रार ते एरर आउटपुटवर छापतं. पण प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ते कुणालाच दिसत नाही. म्हणजे नेमक्या मराठी मजकुराच्या ओळीच लॉगमधून गायब. प्रत्येक फाइल हँडलरला यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. नोंदी जेसनमध्ये लिहीत असाल, तर ‘एन्शुअर_आस्की’ फॉल्स करा. नाहीतर ‘सांगोला’ हे नाव बॅकस्लॅश आणि आकड्यांच्या माळेत बदलतं, आणि शाखेच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही.

फाइल वाढत जाते, डिस्क भरते आणि डिस्क भरली की डेटाबेसही बसतो. यावर ‘रोटेटिंगफाइलहँडलर’ आहे. तो फाइल फिरवतो, म्हणजे ती ठरलेल्या आकाराची झाली की तिचं नाव बदलून नवी सुरू करतो. त्याला ‘मॅक्सबाइट्स’ आणि ‘बॅकअपकाउंट’ दोन्ही द्यावे लागतात. त्यातलं एकही शून्य राहिलं तर फाइल कधीच फिरत नाही. आणखी मोठी अट अशी, की एका फाइलमध्ये एकाच प्रोसेसने लिहावं. गनिकॉर्नसारख्या सर्व्हरखाली चार वर्कर असतील, तर चौघेही तीच फाइल फिरवायला धावतात. एकाने नाव बदललं तरी दुसरा जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो, आणि विंडोजवर तर नाव बदलणंच अडतं. लिनक्सवर यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे फाइल फिरवणं सिस्टिमच्या लॉगरोटेट या साधनावर सोपवा आणि कोडकडे फाइल बदलली की ती पुन्हा उघडणारा ‘वॉच्डफाइलहँडलर’ ठेवा. कंटेनरमध्ये तर फाइलच्या भानगडीत पडूच नका. नोंदी स्टँडर्ड आउटपुटवर सोडा आणि उचलायचं काम बाहेरच्या यंत्रणेला करू द्या. फक्त डॉकरचा नेहमीचा ‘जेसन-फाइल’ ड्रायव्हर आपणहून फाइल फिरवत नाही, त्याला ‘मॅक्स-साइझ’ सांगावं लागतं.

एररची ईमेल पाठवणारा हँडलरही मॉड्यूलमध्ये आहे. मोहात पडू नका. प्रत्येक नोंदीला तो एक ईमेल पाठवतो, आणि मेल सर्व्हर हळू असेल तर काउंटरवरचा ग्राहक तेवढा वेळ ताटकळतो. पाठवायचीच असेल तर मधे ‘क्यूहँडलर’ आणि ‘क्यूलिसनर’ बसवा, म्हणजे व्यवहाराचा धागा नोंद रांगेत टाकून मोकळा होतो.

लॉगमध्ये काय लिहू नये, हे मी कॉन्फिगरेशनइतकंच महत्त्वाचं मानतो. मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. डेटाबेसमध्ये पासवर्ड नीट हॅश करून ठेवले जात होते, पण हॅश होण्याआधीच ते उघड्या रूपात आतल्या एका लॉगमध्ये लिहिले जात होते. तेव्हा पासवर्ड, ओटीपी, टोकन, आधार, पॅन, पूर्ण खाते क्रमांक यातलं काही लिहू नका. सभासदाच्या नावाऐवजी सभासद क्रमांक पुरतो. झाकणारा फिल्टर ही दुसरी फळी. पहिली फळी म्हणजे न लिहिणं. बाहेरून आलेल्या मजकुरातली नवी ओळ सुरू करणारी चिन्हंही काढून टाका, नाहीतर कुणीही आपल्या नावाच्या रकान्यातून तुमच्या लॉगमध्ये खोटी ओळ घुसवू शकतो.

लवचिकतेलाही मर्यादा हवी, हे डिसेंबर २०२१मध्ये सगळ्या जगाला कळलं. लॉगफोरजे २मध्ये २०१३ सालापासून अशी सोय होती, की नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण आली तर लॉगर बाहेरच्या सर्व्हरकडून ऑब्जेक्ट मागवू शकेल. मजकूर वापरकर्त्याने टाइप केलेलाही असतो, हे कुणी लक्षात घेतलं नाही. एका ओळीच्या मजकुरातून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. लॉगफोरशेल म्हणून ओळखल्या गेलेल्या या दोषाला गंभीरतेचे दहापैकी दहा गुण मिळाले, आणि दुरुस्तीच्या आवृत्त्या एकामागून एक काढाव्या लागल्या. पायथनच्या ‘लॉगिंग.कॉन्फिग.लिसन’मध्येही सॉकेटवरून आलेल्या कॉन्फिगरेशनचा काही भाग कोड म्हणून चालवला जातो. अधिकृत दस्तऐवजातच तसा इशारा आहे. कॉन्फिगरेशन विश्वासाच्या फाइलमधूनच यावं, आणि त्या फाइलवर लिहिण्याचा हक्क मोजक्यांनाच असावा.

शेवटी साठवणुकीचा हिशेब, कारण तो आता मर्जीचा राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित आणि भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवायचे आहेत. नेमून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत, आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. लिनक्सवर लॉगरोटेटला रोज फिरवायला सांगा आणि १८० फाइली ठेवायला सांगा. पायथनच्याच ‘टाइम्डरोटेटिंगफाइलहँडलर’ने एका प्रोसेसचं काम करत असाल तर मध्यरात्र आणि बॅकअपकाउंट १८०. पण त्याआधी एका गर्दीच्या दिवसाची फाइल किती मोठी होते ते मोजा. रोज ४०० एमबी होत असेल तर १८० दिवसांचे ७२ जीबी लागतात. जुन्या फाइली कॉम्प्रेस करून ठेवल्या तर बरेच कमी लागतील, पण महिन्यातून एकदा त्यातली एखादी उघडून वाचता येते का तेही पाहा. जागा कमी पडणार असेल तर ती प्रणाली सुरू होण्याआधीच मागून घ्या. डिस्क भरल्यावर घाईघाईत पहिली कुऱ्हाड लॉगवरच पडते.